बाबांच्या कपाटातले १५०० शेअर्स, काकांची कंपनी आणि ३० सप्टेंबरची एजीएम

आंबट_द्राक्ष (११ सप्टेंबर, रात्री ११:४०)

मंडळी, लांबलचक लिहितोय, आधीच माफी मागतो. आमच्या घरची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे नाशिकला, सातपूर एमआयडीसीत, गाड्यांचे छोटे प्रेस पार्ट बनवतात. नाव देत नाही. १९८७ साली बाबा आणि त्यांचे दोन भाऊ अशा तिघांनी सुरू केली. बाबा फेब्रुवारीत गेले. मी पुण्यात आयटीत, मला त्या कंपनीतलं शून्य कळतं, बाबा सकाळी डबा घेऊन जायचे आणि रात्री हाताला ग्रीसचा वास घेऊन यायचे एवढीच माझी माहिती.

आज संध्याकाळी चुलतभाऊ आईकडे येऊन एक पाकीट देऊन गेला. त्यात ३० सप्टेंबरच्या एजीएमची, म्हणजे वार्षिक सभेची, नोटीस, बॅलन्स शीट, आणि वेगळा एक कागद, ज्यावर खाली आईचं नाव टाईप केलेलं आणि सहीसाठी रेघ. 'काकू घाई नाही, पण उद्या सही करून ठेवा, मी येतो न्यायला.' आईने फोटो पाठवला. वर लिहिलंय की कमी दिवसांच्या नोटिशीला माझी संमती आहे.

कपाटात बाबांची शेअर सर्टिफिकिटं सापडली, १५०० शेअर्स, प्रत्येकी १०० रुपयांचे. पिवळी पडलीत पण नीट आहेत. एकूण ५००० शेअर्स आहेत म्हणे. बाकी थोरल्या काकांचे २४८०, काकूचे १०, चुलतभावाचे १०, धाकट्या काकांचे १०००.

माझे प्रश्न: १) आई आता कंपनीच्या ३० टक्क्यांची मालक झाली का? २) बाबा डायरेक्टर होते, ती जागा मला मिळते का? ३) सही करायची का? आई म्हणते पक्ष चालूय, आत्ता कसल्या सह्या नकोत. त्यामुळे तूर्तास तरी वाचलोय.

टोमणे_मास्तर

सासूबाईंच्या पाटल्या आणि प्रायव्हेट लिमिटेडचे शेअर सारखेच. कागदावर आपले, कपाट दुसऱ्याचं.

निवृत्त_शाखाधिकारी

पितरांनी सही अडवली, चांगलं केलं. चाळीस वर्षं बँकेत काढली, 'उद्या न्यायला येतो' म्हणून ठेवलेल्या कागदावर कधीही उद्या सही करू नये. नोटिशीत विषय काय काय आहेत ते इथे टाका, मग बोलू.

आंबट_द्राक्ष

विषय चार. हिशेब मंजूर करणे. ऑडिटर नेमणे. तिसरा, 'विशेष ठराव' असं लिहून ३००० नवे इक्विटी शेअर्स दर्शनी किमतीला म्हणजे १०० रुपयाला चुलतभावाच्या नावे देणे. चौथा, अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय.

शिक्का_मोर्तब

मी कंपनी सेक्रेटरी आहे, प्रॅक्टिसमध्ये. हे फुकट सल्ल्याच्या लायकीचं प्रकरण नाही, नाशकात एखादा सीएस किंवा वकील गाठाच, पण तोवर समजण्यापुरतं लिहितो.

पहिला प्रश्न. कंपनीची मालक कंपनी स्वतः. प्लॉट कंपनीचा, तोही एमआयडीसीकडून ९५ वर्षांच्या लीजवर असेल. मशीन कंपनीची, बँकेतले पैसे कंपनीचे. शेअर म्हणजे त्या कंपनीत तुम्हाला असलेले काही ठराविक हक्क, मत देण्याचा, जाहीर झाला तर डिव्हिडंडचा म्हणजे नफ्यातल्या वाट्याचा, कंपनी गुंडाळली तर देणी भागवून उरलेल्यात वाटा. मशीनच्या ३० टक्के नट-बोल्टवर तुमचं नाव नाही. यावर आपल्या मुंबईचीच एक जुनी केस आहे, बच्चा गझदर. बाईंकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. चहा कंपन्यांचं ६० टक्के उत्पन्न शेतीचं म्हणून इन्कम टॅक्समधून सुटायचं, तर बाई म्हणाल्या मग माझ्या डिव्हिडंडचाही ६० टक्के भाग शेतीचा धरा. १९५४ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, मळा कंपनीचा आहे, तुमचा नाही, तुम्हाला मिळतो तो डिव्हिडंड, चहा नाही. टॅक्स भरा.

दुसरा प्रश्न. डायरेक्टरची खुर्ची वारशाने येत नाही. शेअर वारशाने येतात. या दोन गोष्टींची गल्लत निम्म्या घरगुती कंपन्यांत भांडण लावते.

तिसऱ्यावर सविस्तर लिहितो, एक क्लायंट बसलाय समोर.

तिखटमीठ

क्लायंट समोर बसलाय आणि तुम्ही इथे टाईप करताय होय 😄

पण धागाकर्ते, आई सध्या मेंबर आहेत का? माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्हीही हेच समजत होतो की गेले म्हणजे आपोआप सासूबाईंचे झाले. नाही होत. कंपनीच्या रजिस्टरमध्ये नाव चढावं लागतं.

शिक्का_मोर्तब

तिखटमीठ यांनी माझं अर्धं काम केलं. सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

आईला नोटीस आली कारण कायदा सांगतो की मेलेल्या सभासदाच्या वारसालाही नोटीस द्या, कलम १०१. पण नोटीस मिळणं वेगळं आणि मत देणं वेगळं. बहुतेक कंपन्यांच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीत, असतं की वारसाला डिव्हिडंड घेता येईल, पण रजिस्टरवर नाव येईपर्यंत सभेत मत नाही. म्हणजे ३० तारखेला नाव चढलेलं नसेल तर १५०० मतं मोजायलाच नाहीत, काकांकडचे ३५०० पैकी ३५००, ठराव शंभर टक्के पास. आणि नाव चढलं असेल तर?

साधा ठराव अर्ध्याहून जास्त मतांनी होतो. विशेष ठरावाला बाजूची मतं विरुद्ध मतांच्या निदान तिप्पट लागतात. आई विरोधात १५००, तिप्पट म्हणजे ४५००. सगळ्या काका मंडळींचे मिळून ३५००. ठराव पडतो. म्हणून तर पेपरात २६ टक्क्यांना एवढा भाव असतो, २६ वाल्याला स्वतः काही करता येत नाही पण दुसऱ्याला मोठं काही करू देत नाही. तुमच्याकडे ३० आहेत.

आणि ज्या कागदावर सही मागितलीय. एजीएमला २१ पूर्ण दिवसांची नोटीस लागते, पोचल्याचा दिवस आणि सभेचा दिवस सोडून. ११ ला हातात दिली, ३० ला सभा, म्हणजे मधे १८ दिवस. तीन कमी पडतात. कमी दिवसांत घ्यायची तर मताचा हक्क असलेल्या ९५ टक्के सभासदांची संमती लागते. आईची सही कायद्याने त्यात मोजायची की नाही हा वेगळा वाद, पण सही केली की उद्या 'नोटीस उशिरा मिळाली' म्हणायची सोय गेली. प्रायव्हेट कंपनीला आर्टिकल्समध्ये यातलं बरंच बदलता येतं, तेव्हा आधी आर्टिकल्स वाचा. हे वाक्य मी या धाग्यात अजून पाचदा लिहिणार आहे.

कोडबहाद्दर

बापरे. आम्ही तिघांनी मागच्या वर्षी कंपनी काढली, आर्टिकल्स त्या वेबसाईटवाल्याने जे दिले ते डोळे झाकून अपलोड केले. मला वाटायचं मेमोरँडम म्हणजे फ्रेम करून भिंतीवर लावायचं असतं.

शिक्का_मोर्तब

तुमच्याकडे बहुतेक टेबल एफ असेल, २०१३ च्या कायद्यातला तयार नमुना. धागाकर्त्यांची १९८७ ची कंपनी म्हणजे १९५६ च्या कायद्यातला टेबल ए असण्याची शक्यता. फरक बारीक पण चावरा आहे, टेबल ए मध्ये मतं समसमान झाली तर चेअरमनला जादा मत होतं. थोरल्या काकांच्या घरात बरोबर २५०० म्हणजे ५० टक्के आहेत. साध्या ठरावाला समोरचे सगळे एकत्र आले तरी टाय, आणि टायला काकांचं जादा मत. कोणीतरी १९८७ साली विचार करून वाटप केलेलं दिसतंय.

आंबट_द्राक्ष

आजोबांनी. 'मोठ्याच्या हातात चाबूक हवा' म्हणायचे असं आई सांगते.

आर्टिकल्स कुठे मिळतील? चुलतभावाला मागितले तर म्हणाला शोधतो.

निवृत्त_शाखाधिकारी

एमसीएच्या म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून कुठल्याही कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं बघता येतात, सभासद असा वा नसा. ॲन्युअल रिटर्न, बॅलन्स शीट, कर्जाचा बोजा, सगळं. बोजा आवर्जून बघा आणि बँकेकडे चौकशी करा की तुमच्या वडिलांनी पर्सनल गॅरंटी दिली होती का. लिमिटेड म्हणजे जबाबदारी शेअरच्या रकमेपुरती हे पुस्तकात ठीक आहे, आम्ही बँकवाले कॅश क्रेडिट देताना सगळ्या डायरेक्टरांच्या सह्या घ्यायचो, बायकांच्या सुद्धा. गॅरंटी असेल तर वडिलांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर ती येऊ शकते.

शिक्का_मोर्तब

बरोबर. फक्त २००६ च्या आधीचं बरंचसं कागदावरच आहे, त्यामुळे १९८७ चे आर्टिकल्स पोर्टलवर मिळतीलच असं नाही. सभासदाने लेखी मागितले तर कंपनीला सात दिवसांत द्यावे लागतात. म्हणजे परत तेच, आधी सभासद व्हा.

तर ट्रान्समिशन. ट्रान्सफर आणि ट्रान्समिशन वेगळं. ट्रान्सफर म्हणजे विकणं किंवा बक्षीस देणं, त्याला एसएच-४ फॉर्म, ०.०१५ टक्के स्टँप ड्युटी, ६० दिवसांत कंपनीकडे द्यायचा. ट्रान्समिशन म्हणजे मृत्यूमुळे जाणं, त्याला एसएच-४ नाही, स्टँपही नाही. अर्ज, मृत्यूचा दाखला, मूळ सर्टिफिकिटं, पॅन, आणि नॉमिनेशन असेल तर उत्तमच, नसेल तर कंपनी मागेल तसा वारसाचा पुरावा, बाकी वारसांचं ना हरकत पत्र, इंडेम्निटी बाँड (नुकसान झालं तर भरून देण्याची हमी). कंपनीला महिन्याभरात नोंद करावी लागते. नाकारलं तर कारण द्यावं लागतं आणि एनसीएलटीकडे, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणाकडे, अपील करता येतं. मूळ सर्टिफिकिटं देताना झेरॉक्सवर पोच घ्या, शिक्का, तारीख आणि सही. घरच्या माणसांत हे वाईट दिसतं. दिसू द्या.

आंबट_द्राक्ष

नॉमिनेशन सापडलं! २००३ चा फॉर्म, आईच्या नावे, कंपनीचा शिक्का आहे. म्हणजे आता शेअर आईचेच ना, बहिणीचा आणि माझा प्रश्न नाही?

शिक्का_मोर्तब

कंपनीपुरता प्रश्न नाही, ती आईचं नाव लावेल. पण नॉमिनी म्हणजे अंतिम मालक नव्हे हे डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शक्ती येझदानी केसमध्ये स्पष्ट केलंय, मृत्युपत्र किंवा वारसा कायदा जे सांगेल ते वारसांचं. ती केसही मुंबईचीच. तुमच्या बहिणीला आजच फोन करा, व्हॉट्सॲपवर नका सांगू.

वाळवंटातला_मालवणी

शारजाहून. आमच्याकडे पण आजोबांचे शेअर सापडले, पण मोठ्या लिस्टेड कंपन्यांचे, ७८-७९ सालचे. त्यांचं पण असंच का?

शिक्का_मोर्तब

तुमचं वेगळं. लिस्टेडमध्ये सात वर्षं सलग डिव्हिडंड कोणी घेतला नाही की शेअरच आयईपीएफ नावाच्या सरकारी फंडात जातात. परत मिळतात, आयईपीएफ-५ फॉर्म भरून, पण संयम लागतो. वेगळा धागा काढा, इथे गर्दी होईल.

टोमणे_मास्तर

आमच्या सोसायटीची एजीएम पण तोंडावर आलीय. तिथे तीस टक्के वगैरे काही नाही, ज्याचा आवाज मोठा त्याचा ठराव पास. समोसा आणि चहा संपला की कोरम संपतो.

निवृत्त_शाखाधिकारी

मास्तर, चेष्टेत का होईना, फरक सांगितलात. सोसायटीत एक सभासद एक मत, मग त्याचा फ्लॅट केवढाही असो. कंपनीत मत शेअरला. म्हणून सोसायटीतला शहाणा कंपनीत फसतो.

शिक्का_मोर्तब

थांबा थांबा, इथेच गंमत आहे आणि धागाकर्त्यांनी हे नीट वाचा. कंपनीतसुद्धा पहिलं मतदान हात वर करून होतं, आणि हात वर करताना एक माणूस एक मत! शेअर मोजत नाहीत. ३० तारखेला खोलीत कोण असेल? थोरले काका, काकू, चुलतभाऊ, धाकटे काका, आणि आई. चार विरुद्ध एक. तिपटीहून जास्त. विशेष ठराव पास, चेअरमन तसं जाहीर करणार, झालं.

यावर उपाय पोल. म्हणजे शेअरप्रमाणे मतदान. १० टक्के मतं ज्याच्याकडे आहेत त्याने मागितला की द्यावाच लागतो. मागायचा मात्र निकाल जाहीर होण्याआधी किंवा जाहीर होताक्षणी. चहाच्या वेळी आठवून उपयोग नाही. आईला यायला जमत नसेल तर प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीने दुसरा माणूस देता येतो, फॉर्म ४८ तास आधी द्यायचा. प्रॉक्सीला हात वर करून मत नाही, बोलायचाही हक्क नाही, पण पोल मागता येतो आणि पोलमध्ये मत देता येतं. तरी माझं मत विचाराल तर आईंनी स्वतः जावं.

आणि ३००० शेअरचा हिशेब मांडून बघा. एकूण ८००० होतील. आईचे १५०० म्हणजे १८.७५ टक्के. विशेष ठराव अडवायची ताकद त्या दिवशी संपली, कायमची.

कोडबहाद्दर

१८.७५ म्हणजे जवळजवळ टाटा सन्समध्ये शापूरजी पालनजींचे होते तेवढेच की!

शिक्का_मोर्तब

हो, त्यांचे साधारण १८.४. आणि तिथे काय झालं ते देशाने बघितलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांच्याच घरातल्या सायरस मिस्त्रींना चेअरमनपदावरून काढलं, ६ फेब्रुवारी २०१७ ला ईजीएम म्हणजे खास सभा घेऊन डायरेक्टर म्हणूनही. डायरेक्टर काढायला साधा ठराव पुरतो आणि टाटा ट्रस्ट्सकडे ६६ टक्के. मिस्त्री एनसीएलटीत हरले, तिच्या वरच्या एनसीएलएटीत जिंकले, आणि २६ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टात टाटांच्या बाजूने निकाल. १८ टक्क्यांची किंमत हजारो कोटी असली तरी त्याने बोर्डावर खुर्ची मिळण्याचा हक्क येत नाही. १० टक्क्यांना अन्याय आणि गैरव्यवस्थापनाची तक्रार एनसीएलटीत नेता येते, ईजीएम मागता येते. तक्रार करता येणं आणि जिंकणं यात किती वर्षं जातात तेही त्याच केसमध्ये बघा.

तिखटमीठ

एक बाईमाणूस म्हणून विचारते, धाकट्या काकांनी हा हिशेब केलाय का? त्यांचे १००० आज २० टक्के आहेत. ८००० झाले की साडेबारा. थोरल्यांचं घर ५० वरून ६८.७५ वर जातंय, आणि ते कमी कोणाचं होतंय? फक्त तुमच्या आईचं नाही. धाकट्यांनी हो म्हटलंय की त्यांना कोणी सांगितलंच नाही?

शिक्का_मोर्तब

टाळ्या. आमच्या परीक्षेत असा प्रश्न आला तर निम्मी मुलं हे लिहीत नाहीत.

शिवाय नवे शेअर आधी सगळ्या जुन्या शेअरहोल्डरांना त्यांच्या प्रमाणात द्यायचे हा मूळ नियम आहे, राईट्स इश्यू. एकट्याला द्यायचे तर विशेष ठराव आणि रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा, म्हणजे शेअरची किंमत ठरवणाऱ्या तज्ञाचा, रिपोर्ट लागतो. ३८ वर्षं चाललेल्या कारखान्याचा शेअर आजही १०० रुपयाला? नोटिशीला एक्स्प्लनेटरी स्टेटमेंट, म्हणजे ठरावामागची कारणं सांगणारा कागद, जोडलंय का? त्यात व्हॅल्युएशनबद्दल काय लिहिलंय?

आंबट_द्राक्ष

आहे, चार ओळी. 'कंपनीच्या हितासाठी आणि तरुण नेतृत्वाला प्रोत्साहन'. व्हॅल्युअरचा उल्लेखच नाही.

आज आईशी बोललो. ती म्हणते भाऊजींनी तुझ्या बाबांच्या आजारपणात सगळं केलं, हॉस्पिटलचं बिल कंपनीने भरलं, मी त्यांच्यासमोर विरुद्ध हात वर करू? मला उत्तर आलं नाही. चुलतभाऊही वाईट नाही हो, दहा वर्षं तोच कारखाना ओढतोय, मी पुण्यात एसीत बसून. त्याला हिस्सा मिळायला हवा हे मलाही पटतं. फक्त १०० रुपयाला, आणि आम्हाला न विचारता?

निवृत्त_शाखाधिकारी

मग हेच लिहून द्या. विरोध माणसाला नाही, भावाला आहे. म्हणजे दराला, हा श्लेष सोडून देऊ.

आंबट_द्राक्ष (१६ सप्टेंबर)

अपडेट. १३ ला सगळे कागद दिले. बहिणीचं ना हरकत पत्र कुरियरने आलं, तिला आधी फोन केला होता म्हणून रुसली नाही. कारखान्याच्या ऑफिसात पोच मागितल्यावर तिथले जुने अकाउंटंट माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी बाबांना शिवी दिली. पण दिला शिक्का. सोबत पत्र: नाव सभेआधी लावा, नाही जमलं तर तिसरा विषय पुढे ढकला, व्हॅल्युएशन रिपोर्टची प्रत द्या.

कमी नोटिशीच्या कागदावर आईने सही केली नाही. चुलतभाऊ आला होता, चहा प्यायला, कागद तसाच घेऊन गेला.

टोमणे_मास्तर

चहा प्यायला म्हणजे अजून नातं आहे. पाणीसुद्धा न पिता गेला असता तर एनसीएलटी.

शिक्का_मोर्तब

महिन्याची मुदत धरली तर ते १३ ऑक्टोबरपर्यंत थांबू शकतात, हे गृहीत धरा. पण त्यांचा सीए शहाणा असेल तर नाव लावायला सांगेल, कारण वारसाचा पूर्ण अर्ज टेबलावर ठेवून तिचीच मतं टाळून असा ठराव केला तर उद्या ट्रायब्युनलसमोर ते फार वाईट दिसतं.

आंबट_द्राक्ष (२७ सप्टेंबर)

लावलं नाव! २५ ला बोर्ड मीटिंग झाली म्हणे, सर्टिफिकिटांच्या मागे आईचं नाव, तारीख आणि दोन्ही काकांच्या सह्या. आई ते उलटसुलट करून बघत होती. म्हणाली, ह्यांच्या नावाखाली माझं नाव आलं, लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच.

आंबट_द्राक्ष (३० सप्टेंबर, रात्री १०:१५)

आज झाली एकदाची. सविस्तर लिहितो कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं टाईप केलंत.

कारखान्याच्या वरच्या केबिनमध्ये, सकाळी ११ वाजता, खाली प्रेस चालू, दर चार सेकंदाला जमीन हादरते. मी सभासद नाही म्हणून बाहेर बसावं लागेल असं धरून गेलो होतो, थोरले काका म्हणाले बस रे आत, फक्त बोलू नकोस. हिशेब, ऑडिटर, पाच मिनिटांत झालं. आईने डिव्हिडंडचं विचारलं, तीस वर्षांत एकदाही का नाही. काका म्हणाले बोर्डाने सुचवल्याशिवाय सभेला देता येत नाही. ते खरं आहे ना?

मग तिसरा विषय. चुलतभावाने वाचला. काका म्हणाले, बाजूने कोण. चार हात. विरुद्ध कोण. आईचा हात टेबलावरून दोन इंच वर आला, बस. काकांनी 'ठराव मंजूर' म्हणायला तोंड उघडलं आणि आईने पर्समधून शिक्का_मोर्तबांनी सांगितलेलं वाक्य लिहिलेली चिठ्ठी काढून वाचली, 'मी १५०० शेअर्सची धारक म्हणून पोलची मागणी करते.' वाचताना चिठ्ठी थरथरत होती. केबिनमध्ये फक्त प्रेसचा आवाज.

काका चिडले नाहीत. सीएकडे बघितलं, सीएने मान हलवली. चिठ्ठ्या वाटल्या. धाकट्या काकांनी चिठ्ठी हातात घेतली, बराच वेळ पेनाचं टोपण काढलं-घातलं, आणि कोरी परत दिली. बाजूने २५००, विरुद्ध १५००. ७५०० हवे... म्हणजे चुकलो, ४५०० हवे होते. पडला ठराव.

नंतर साबुदाणा वडे होते, काकूला अष्टमीचा उपास. काकूने आईला आग्रह करून दोन वाढले. निघताना थोरले काका म्हणाले, व्हॅल्युअर आणू, मग सगळ्यांना राईट्स देऊ, ज्याला पैसे घालायचे त्याने घाला. आणि मला म्हणाले, तुझ्या बापाने ३८ वर्षांत कधी पोल मागितला नाही. मी काही बोललो नाही, बोलायची परवानगी नव्हती.

तिखटमीठ

कोरी चिठ्ठी 👏 धाकट्यांनी हिशेब केला होता तर!

शिक्का_मोर्तब

डिव्हिडंडचं काकांचं बरोबर आहे, बोर्डाने सुचवलेल्यापेक्षा कमी करता येतो सभेला, जास्त नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.

आता लगेच करायची गोष्ट. मिनिट्सची (सभेच्या इतिवृत्ताची) प्रत लेखी मागा, कामकाजाच्या सात दिवसांत द्यावी लागते. पोलचे आकडे त्यात आले पाहिजेत. आणि राईट्सचं पत्र आलं की मुदत बघा, कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ३० दिवस असते, त्यात पैसे भरले नाहीत तर तुमचे शेअर बोर्ड दुसऱ्याला देऊ शकतं, आणि टक्के तसेही घसरतात, कोणाला मत न मागता. त्यासाठी पैसे बाजूला ठेवा. आर्टिकल्स मिळाले का?

आंबट_द्राक्ष

मिळाले, आज अकाउंटंट काकांनी स्वतः झेरॉक्स काढून दिले. ४२ पानं, टाईपरायटरवरची. शेवटच्या पानावर बाबांची सही आहे, धंदा या रकान्यात 'टर्नर' लिहिलंय.

वाळवंटातला_मालवणी

माझा आयईपीएफचा धागा काढलाय, शिक्का_मोर्तब साहेब जरा तिकडे पण बघा.